रिपोर्टमध्ये ‘यीस्ट’ आले म्हणजे काय?

आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या घरच्या माणसांना गेल्या काही वर्षांत बरेच इंग्रजी शब्द पाठ झाले आहेत. ऑक्सिजन, सॅच्युरेशन, व्हेंटिलेटर, क्रिएटिनिन. हे शब्द आता आमच्या राजिवड्यातल्या आणि मिरकरवाड्यातल्या दादी-नानीही सहज बोलतात. एक शब्द मात्र अजून नवा आहे आणि तो ऐकला की घरचे गोंधळतात. निमोनिया बरा होत आलेला असतो किंवा ऑपरेशन चांगले झालेले असते. आठ-दहा दिवस गेलेले असतात आणि मग पुन्हा ताप चढतो. अँटिबायोटिक बदलले जाते, तरी ताप हटत नाही. मग डॉक्टर सांगतात, “रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट वाढले आहे. फंगल इन्फेक्शन आहे.”

आमच्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. मामूंचे आतड्याचे ऑपरेशन कोल्हापूरला झाले होते. मुलीने फोनवर आम्हाला विचारले, “फंगल म्हणजे नायटा ना? तो रक्तात कसा जाईल?” कुवेतला असलेल्या तिच्या भावाने इंटरनेटवर बघून ‘काळी बुरशी’ असल्याचे कळवले होते आणि घरात रडारड सुरू झाली होती. दोघांचाही अंदाज चुकीचा होता. तेव्हा ठरवले की या सदरात एकदा हा विषय नीट घ्यायचा. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. औषध काय द्यायचे हे इथे सांगणार नाही. डॉक्टर जे दोन मिनिटांत सांगून जातात, ते समजून घेता यावे आणि त्यांना नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

आपल्या कोकणी घरांत सांदणांचे पीठ भिजवून त्यात खमीर घालून ठेवतात आणि सकाळी ते टोपातून वर आलेले असते. पीठ फुगवणारा तो जीव म्हणजे यीस्ट, बुरशीच्याच कुळातला एकपेशीय जीव. लोणच्यावर येते ती कापसासारखी बुरशी वेगळी, नायट्याची वेगळी आणि 2021 च्या मे महिन्यात कोविडनंतर नाक, डोळे आणि जबडा खाणारी ‘काळी बुरशी’, म्हणजे म्युकर, ती आणखी वेगळी. आयसीयूमध्ये रक्तात सापडते ती बहुतेक वेळा कँडिडा नावाची यीस्ट असते. पिठातल्या खमिराची ती लांबची नातेवाईक, पण स्वभावाने निराळी. म्हणून कुणी सांदणे खाणे सोडू नये.

ही कँडिडा बाहेरून आलेलीच असते असे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडात, आतड्यात आणि कातडीवर ती आयुष्यभर राहते आणि काही त्रास देत नाही. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो, तो हिचाच. आतड्यात तिच्याभोवती अब्जावधी जिवाणू असतात. तेच तिला जागा देत नाहीत, तेच तिचे अन्न खाऊन टाकतात. त्यात आतड्याचे अस्तर आणि कातडी ही दोन कुंपणे शाबूत असली आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाग्या असल्या, की ती आपल्या जागी गप्प राहते.

आयसीयूमध्ये ही तिन्ही राखणदारी एकाच वेळी ढिली पडते. जीव वाचवण्यासाठी जोरदार अँटिबायोटिक द्यावी लागतात. ती वाईट जिवाणूंबरोबर आतड्यातले चांगले जिवाणूही मारतात, पण यीस्टला काही करत नाहीत. तिला रान मोकळे मिळते. मानेतून, छातीतून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत एक नळी घातलेली असते. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. ती नळी कातडीच्या कुंपणातून आरपार जाते आणि तिचे दुसरे टोक हृदयाजवळ असते. आतड्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा आतडे फुटले असेल तर दुसरे कुंपणही तुटलेले असते. डायलिसिस, स्टेरॉइड, शिरेतून दिले जाणारे अन्न, वर्षानुवर्षांची साखर आणि कॅन्सरच्या औषधांनी खाली आलेल्या पांढऱ्या पेशी, ही त्यात भर. दिवस भरण्याआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली बाळेही याच धोक्यात असतात.

नळीची गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे, कारण घरच्यांचा डॉक्टरांवरचा राग पुष्कळदा इथेच निघतो. “कालच तर नळी घातली, आज काढून दुसरीकडे का घालता? बिल वाढवायला?” असे आम्ही कानांनी ऐकले आहे. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो, तसा थर यीस्ट त्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला तयार करते. त्या थराच्या आत औषध पुरेसे पोहोचत नाही. वरून कितीही महाग इंजेक्शन द्या, थरातून थोडी थोडी यीस्ट रक्तात सुटत राहते. म्हणून रक्तात कँडिडा सापडली की शक्य असेल तेव्हा ती नळी लवकरात लवकर काढणे हा उपचाराचाच भाग असतो. डॉक्टर नळी बदलतो म्हणाले तर भांडू नये. उलट रोज सकाळी घरच्यांनीच विचारावे, “डॉक्टरसाहेब, आज या नळीची आणि लघवीच्या नळीची गरज आहे का?” ज्या नळीची गरज संपली, ती आत राहू नये.

हा आजार आपल्या देशात किती आहे, याचा मोठा अभ्यास झालेला आहे. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 आणि 2012 मध्ये देशभरातील 27 आयसीयूंमधून माहिती गोळा केली. रक्तात कँडिडा असलेले 1400 रुग्ण त्यात नोंदले गेले. हिशेब निघाला तो आयसीयूत दाखल होणाऱ्या दर हजारी सुमारे साडेसहा रुग्णांचा. श्रीमंत देशांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच जास्त आहे. संसर्ग साधारण आठव्या दिवशी झालेला दिसला आणि फार गंभीर नसलेल्या रुग्णांनाही तो झाला होता. तीस दिवसांत शंभरातले सुमारे 45 रुग्ण दगावले. हे सगळे मृत्यू यीस्टमुळे नव्हते, मूळ आजारही तेवढेच जड होते. संशोधकांनी यीस्टच्या खात्यावर टाकले ते शंभरातले सुमारे 20. घाबरवण्यासाठी हे आकडे देत नाही. ‘साधे फंगस तर आहे’ म्हणून इंजेक्शन एक-दोन दिवस पुढे ढकलणारी घरे आम्ही पाहिली आहेत, त्यांच्यासाठी देत आहोत.

याच काळात एका नव्या पाहुणीने जगाला त्रास द्यायला सुरुवात केली. 2009 मध्ये जपानमधील टोकियो येथे एका वृद्ध महिलेच्या कानातून एक यीस्ट सापडली. लॅटिन भाषेत कानाला ऑरिस म्हणतात, म्हणून तिचे नाव पडले कँडिडा ऑरिस. 2013 मध्ये दिल्लीतील दोन रुग्णालयांतील रुग्णांविषयी अहवाल आला आणि ती आपल्याकडेही असल्याचे स्पष्ट झाले. बाकीच्या कँडिडा बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या अंगातून रक्तात जातात. ही मात्र एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हातांवरून आणि वस्तूंवरून जाते. पलंगाची दांडी, मॉनिटरची वायर, रक्तदाबाचा पट्टा यांवर ती आठवडे टिकते. रोजच्या वापरातली काही जंतुनाशके तिला पुरी पडत नाहीत, क्लोरीनचे द्रावण चालते. कँडिडासाठी वर्षानुवर्षे दिले जाणारे फ्लुकोनाझोल हे औषध तिच्यावर बहुतेक वेळा चालत नाही. लॅबमधील जुनी यंत्रे तिला दुसऱ्याच नावाने ओळखत. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात सर्वांत वरच्या गटातील चारांमध्ये तिचे नाव आहे.

कोविडमध्ये याचा अनुभव आला. 2020 च्या एप्रिल ते जुलै या काळात दिल्लीतील एका आयसीयूत 596 कोविड रुग्णांपैकी 15 जणांच्या रक्तात कँडिडा सापडली. त्यांतील दहांना ऑरिस होती आणि त्या दहांपैकी सहा वाचले नाहीत. फुप्फुसाशी झुंज चालू असताना आजार दुसऱ्याच दाराने आत आला.

इंग्लंडमधील ऑक्सफर्डचा किस्सा आम्हाला शिक्षक म्हणून फार आवडतो, कारण त्यात उत्तर शोधण्याची रीत दिसते. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात 2015 ते 2017 दरम्यान 70 रुग्णांच्या अंगावर किंवा रक्तात ऑरिस सापडली, जवळजवळ सगळे मेंदूविकारांच्या आयसीयूत राहिलेले. भिंती पाहिल्या, हवा तपासली, पण तिथे फारसे काही मिळाले नाही. शेवटी धागा सापडला तो काखेत लावायच्या थर्मामीटरच्या तारेत. ती तार एका रुग्णाची काढून, पुसून दुसऱ्याला लावली जात असे. त्या तारा वापरातून काढल्यावर नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात एक परिचारिका किती पलंग सांभाळते हे पाहणाऱ्याला वेगळे काही सांगायला नको. तिच्यावर खेकसण्याआधी एवढे आठवावे.

आता औषधांविषयी. अँटिबायोटिक बुरशीवर का चालत नाही? जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी असते, त्यामुळे आपल्याला धक्का न लावता तिला मारता येते. बुरशीची पेशी मात्र बरीचशी आपल्यासारखी असते. तिला मारायला गेले की आपल्यालाही इजा होते. म्हणून बुरशीविरोधी औषधे मोजकी आहेत. सर्वांत जुने भरवशाचे औषध अँफोटेरिसिन-बी. ते 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका जिवाणूपासून मिळाले. काम चोख, पण मूत्रपिंडांना त्रास देते. म्हणून ते चालू असताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासतात. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधलेला त्याचा प्रकार मूत्रपिंडांना सौम्य पडतो, पण खिशाला जड जातो.

या शोधांत आपल्या महाराष्ट्राच्या मातीचाही वाटा आहे, ही गोष्ट शाळेत फारशी शिकवली जात नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तेथील शास्त्रज्ञ डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये पिंपरीच्याच मातीतील जिवाणूपासून बुरशीविरोधी औषध शोधले. कंपनीच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसिन म्हटले गेले आणि त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची बसली. रक्तातल्या संसर्गासाठी ते पुढे टिकले नाही, मुख्यतः वरून लावण्याचे औषध म्हणून राहिले. पण साठ वर्षांपूर्वी हे काम आपल्या राज्यात होत होते. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत अँफोटेरिसिनसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांतून वणवण फिरले, तेव्हा आम्हाला पिंपरीची आठवण झाली होती. त्या मे महिन्यात वर्ध्याच्या एका कंपनीने हे इंजेक्शन बनवायला घेतले आणि 1200 रुपये किंमत जाहीर झाली, तेव्हा थोडा दिलासा मिळाला.

सध्या रक्तातल्या कँडिडासाठी डॉक्टर बहुधा कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन किंवा अॅनिड्युलाफंजिन यांपैकी एकाने सुरुवात करतात. यीस्टच्या पेशीभोवती जी भिंत असते, तिची वीण ही औषधे बिघडवतात. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते, त्यामुळे आपल्याला इजा कमी. मात्र खर्च दिवसाला हजारोंच्या घरात जातो आणि औषध बरेच दिवस चालते. रक्तातून यीस्ट गेल्याचा पहिला स्वच्छ रिपोर्ट आला की त्या दिवसापासून साधारण 14 दिवस मोजतात. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी औषध बंद करा असे घरच्यांनी म्हणू नये. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे. यीस्टची जात कळल्यावर, ती फ्लुकोनाझोलला दबणारी असेल आणि रुग्ण सावरत असेल, तर पुढे त्या स्वस्त औषधावर नेता येते. रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटावे. परदेशातल्या मुलाने पैसे पाठवण्याची वाट पाहत पहिले इंजेक्शन थांबवू नये.

डॉक्टरांना विचारायचे आणखी दोन-तीन प्रश्न आहेत. यीस्टची जात कोणती आणि कोणते औषध तिच्यावर चालते याचा रिपोर्ट आला का? आपल्या देशात सर्वांत जास्त आढळते ती कँडिडा ट्रॉपिकॅलिस, पण ती आहे की ऑरिस, यावर बरेच अवलंबून असते. रक्ताचे कल्चर पुन्हा केले का? डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिले का? हा प्रश्न ऐकून लोक चकित होतात, पण रक्तातून यीस्ट डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसू शकते. बेशुद्ध माणूस अंधुक दिसते हे सांगू शकत नाही. हृदयाच्या झडपांवरही ती घर करते, म्हणून कधी इको करावा लागतो. आणि एक ध्यानात असू द्या. कल्चर जवळजवळ निम्म्या रुग्णांत यीस्ट पकडूच शकत नाही. म्हणून रिपोर्ट कोरा असतानाही डॉक्टर कधी औषध सुरू करतात. तो अंदाजपंचे कारभार नसतो.

आता थोडे आपल्या रिवाजांविषयी. आजाऱ्याची इयादत करणे हा आपल्यात हक्क मानला जातो आणि तो मोठ्या प्रेमाने पाळलाही जातो. रत्नागिरीहून गाडी भरून लोक आंबा घाट चढतात आणि कोल्हापूरच्या आयसीयूच्या दारात उभे राहतात. आत एकाला सोडतात, तर पाच जण आळीपाळीने जातात. जो येतो तो मामूंचा हात हातात घेतो, कपाळावर हात फिरवतो, पलंगाच्या दांडीवर टेकतो, शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाचीही विचारपूस करतो. ही शेजारची विचारपूस शरीफपणाची असली तरी ऑरिससारख्या जंतूला तीच हवी असते. इयादत थोडक्यात आटोपावी, हा अदब आपल्या वडीलधाऱ्यांनीच शिकवला आहे. आत एक-दोन ठरलेल्या माणसांनीच जावे, बाकीच्यांनी बाहेर घरच्यांना जेवणाचा डबा द्यावा, रात्री त्यांच्या जागी बसावे. तीही इयादतच आहे.

वुजू करून गेलो आहोत, हात पाक आहेत, असे काही जण म्हणतात. वुजूनंतर मोबाइल हातात घेतला, दाराची कडी धरली, लिफ्टचे बटण दाबले, म्हणजे हात पुन्हा धुवायला हवेत. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. हातांना लावायच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते म्हणून संकोच करणारे अजूनही भेटतात. कोविडच्या काळात अनेक उलेमांनी याचा वापर जायज असल्याचे सांगितले होते. तरीही मन मानत नसेल तर साबणाने नीट, बोटांच्या बेचक्यांसह धुवावेत, पण धुवावेतच. हातांवरची ऑरिस सॅनिटायझरने जाते.

दुआ पढून दम करायचा असेल तर नळी जिथे आत जाते त्या पट्टीवर फुंकर घालू नये. दुआ दोन हात दूर उभे राहूनही होते. ताविजाचा दोरा नळीच्या जागेवर बांधू नये. आणि आबे-जमजम असो की मध, नाकातल्या नळीतून किंवा तोंडात परिचारिकेला न विचारता एक थेंबही घालू नये. बेशुद्ध माणसाच्या तो फुप्फुसात जाऊ शकतो.

आयसीयूच्या फार आधी, घरातही एक गोष्ट आपल्या हातात असते. सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणणे, मागच्या वेळचे उरलेले पाकीट संपवणे, सांधे दुखतात म्हणून स्टेरॉइडची गोळी महिनोन्‌महिने घेणे, साखर तपासणे टाळणे. अशा शरीराला पुढे कधी आयसीयूत जावे लागले तर ते आधीच कमजोर होऊन जाते. (पावसाळ्यात नायट्यावर स्टेरॉइडची मलमे चोळण्याचा जो उद्योग आपल्याकडे चालतो, त्यावर वेगळे लिहावे लागेल.)

रुग्ण घरी आला की आणखी एक भीती असते, मुलांना लागण होईल का? निरोगी माणसाला या यीस्टपासून सहसा काही होत नाही. ताट-वाटी वेगळी करू नये, नातवंडांना जवळ येऊ द्यावे. साबणाने हात धुण्याची सवय पुरे. ज्याच्या अंगावर जखम आहे किंवा डायलिसिसची नळी आहे, त्याची काळजी घेताना मात्र हातमोजे वापरावेत. अल्लाहची मर्जी वेगळी असली आणि मय्यत घरी आणावी लागली, तर गुस्लाला अडचण नाही. सर्व नळ्या परिचारिकेकडून काढून, त्या जागा पट्टीने बंद करून घ्याव्यात. गुस्ल देणाऱ्यांनी हातमोजे आणि प्लॅस्टिकचा एप्रन घालावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

मामू सहा आठवड्यांनी घरी आले. डोळ्यांची तपासणी वेळेवर झाली होती, नजर शाबूत आहे. पुढे त्यांना साध्या तापासाठी रत्नागिरीत दाखल करावे लागले, तेव्हा मुलीने दाखल करतानाच फाइल उघडून वरचा कागद डॉक्टरांसमोर ठेवला. त्यावर यीस्टचे नाव, कोणते औषध किती दिवस दिले आणि शेवटचे कल्चर कधी स्वच्छ आले, एवढे तिने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. ऑरिस ज्यांना होऊन गेली, त्यांच्या कातडीवर ती अनेक महिने राहू शकते, म्हणून नव्या रुग्णालयात हे आधी सांगावे लागते. मामूंना ट्रॉपिकॅलिस होती, तरी डॉक्टरांनी तो कागद पूर्ण वाचला आणि झेरॉक्स काढून ठेवला.